सेकंडहँड रोबोट व्हॅक्यूम घेतला आणि 84,309 रुपये गेले. तुमच्याकडे असेल तर आजच ॲप उघडून बघा

हे लिहायला दीड महिना गेला कारण लाज वाटत होती. 19 वर्षं अकाउंट्समध्ये काढलीत, ऑफिसात सगळ्यांना "ओटीपी देऊ नका रे" सांगणारा मीच. "इतकं कसं कळलं नाही" हे घरचे रोज विचारतात, तुम्ही नाही विचारलंत तरी चालेल.

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, जमिनीवर काही पडलेलं नको, म्हणून आपोआप फिरून केर काढणारा रोबोट घ्यायचं ठरलं. कॅमेरावाला नवीन घ्यायचा तर बजेटच्या बाहेर, ऑनलाइन जाहिरातीत 'ओपन बॉक्स, दोनच महिने वापरलेला' 13,500 ला दिसला. विकणारा स्वतः घरी आला, चपला बाहेर काढल्या, आईच्या पाया पडला, चहा घेतला, वायफायला जोडून दिलं, माझ्या फोनवर ॲपही टाकून दिलं. ॲपमधल्या घराच्या मॅपवर खोल्यांना नावंसुद्धा त्यानेच दिली, हॉल, किचन, 'आईंची खोली'. मी बायकोला म्हटलं, बघ, अजून अशी माणसं आहेत. बिल "व्हॉट्सॲप करतो" म्हणाला, ते अजून येतंय.

त्याने केलं एवढंच की रोबोट स्वतःच्याच अकाउंटवर ठेवला आणि मला नुसता शेअर केला. ॲपमध्ये कोपऱ्यात बारीक अक्षरात 'शेअर्ड' लिहिलेलं होतं, मी ते रोज बघत होतो, मला वाटलं घरच्या सगळ्यांना वापरता यावं म्हणून असेल. म्हणजे कॅमेरा, माइक, घराचा नकाशा सगळं मालक म्हणून कोणाकडे होतं ते तुम्हीच समजा.

पाच आठवड्यांनी दुसऱ्या शनिवारी सकाळी फोन आला, बँका बंद असतात हे बघूनच केला असणार. "सर, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून बोलतोय, तुमच्या डिव्हाइसवर बाहेरून लॉगिनचा प्रयत्न झालाय, सिक्युरिटी अपडेट टाकावं लागेल." हिंदीत बोलला असता तर मी लगेच कट केला असता, पण स्वच्छ मराठी, घाई नाही, मॉडेल नंबर बरोबर, सिरीयल नंबर बरोबर. आणि मग तो म्हणाला, "सर, काकूंना जरा पाय वर घ्यायला सांगा ना, रोबोटला चार्जिंगच्या डॉकवर जाऊ दे."

आई हॉलमध्येच बसलेली, पाय खाली सोडून. मी वळून तिला म्हणालो, "आई, पाय वर घे गं." तिने घेतले. रोबोट तिच्या वॉकरला वळसा घालून डॉकवर जाऊन बसला आणि माझ्या मनात काय आलं माहितीये? काय सर्व्हिस आहे राव यांची. त्याला माझी आई दिसतेय हे डोक्यातच आलं नाही, दीड महिना रात्री झोपताना हेच एक वाक्य ऐकू येतं.

पुढचं तुम्हाला माहितीच आहे. स्क्रीन शेअरिंगचं ॲप, 10 रुपये 'टोकन', डेबिट कार्डचा नंबर आणि सीव्हीव्ही मी टाइप करतोय आणि तो तिकडून बघतोय. ओटीपी मी कोणालाही सांगितला नाही हे शपथेवर सांगतो, स्क्रीनवर आले ते त्याने वाचले. 10, मग 49,999, मग 24,500, मग 9,800. चार मिनिटांत 84,309. कुठलंही अपडेट टाकायला कार्ड लागत नाही, एवढं लिहून भिंतीवर चिकटवा.

सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 अकराव्या प्रयत्नाला लागली. तरी लावाच, आणि वेळ घालवू नका, पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उडायच्या आत अडवता आले तर आले. माझे 6,200 एका वॉलेटमध्ये अडकवलेत म्हणे, सोडवायला कोर्टाची ऑर्डर आणा. पोलीस चौकीत गेलो तर सायबरला जा, सायबरला गेलो तर "तुमच्या हद्दीत द्या", तिथे परत गेलो तर साहेब बंदोबस्ताला. एकाने विचारलं, "रोबोट म्हणजे ते चालणारं माणसासारखं का?" मी म्हटलं नाही साहेब, केर काढतो. तो हसला, अर्ज टेबलावरच राहिला. विकणाऱ्याचं नाव दिलं तर फोन करणारा तोच कशावरून, पुरावा काय? अरे, मालक कोण होतं ते कंपनीकडून काढायला तुम्हीच पत्र द्यायचं ना! कंपनी मला म्हणते तुम्ही आमचे ग्राहक नाही, बिल दाखवा. बँकेत रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक घेऊन गेलो, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. मॅडमनी शांतपणे पुढचं कलम दाखवलं, ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. माझी आई दिसत होती हा निष्काळजीपणा का? आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालकडे ऑनलाइन तक्रार टाकतोय, त्याआधी बँकेला लेखी देऊन 30 दिवस थांबावं लागतं, म्हणून पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

रात्री बसून वाचलं तेव्हा कळलं, 2024 च्या मेमध्ये अमेरिकेत इकोव्हॅक्स कंपनीचे असेच रोबोट हॅक होऊन घरात शिव्या देत फिरत होते, कॅमेऱ्याचा पिन फक्त ॲपच तपासायचं, रोबोट नाही. आपल्याकडे 2025 च्या फेब्रुवारीत राजकोटच्या हॉस्पिटलच्या सीसीटीव्हीचे व्हिडिओ विकले गेले, तिथे पासवर्ड नावापुरता. माझ्या घरी तेवढीही मेहनत लागली नाही.

जुनं काही वायफायवालं घेतलं, कॅमेरा, बेल, टीव्ही, काहीही, तर आधी विकणाऱ्याच्या समोर त्याच्या अकाउंटमधून काढायला लावा. नुसतं बटण दाबून रिसेट करून भागत नाही, बऱ्याच वस्तू जुन्या अकाउंटला चिकटूनच राहतात. मग तुमच्या ईमेलने स्वतः जोडा, त्याच्या हातात फोन देऊ नका. चहा द्या हवं तर. कॅमेऱ्याची गरज नसेल तर बिनकॅमेऱ्याचा घ्या, केर तोही काढतो.

परवा तीच जाहिरात परत दिसली. नंबर वेगळा, किंमत 12,900, पण फोटोत तीच निळी सतरंजी. तीनदा रिपोर्ट केली, उत्तर आलं की जाहिरात नियमांत बसते.