बधिर पायाला ‘नस मोकळी होतेय’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

माझ्या मोठ्या भावाची दिंडोरीजवळ द्राक्षबाग आहे. ऐन छाटणीत त्याच्या कमरेतून कळ निघाली ती पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकून नस दबलेली दिसली. हाडांच्या डॉक्टरांनी घाई केली नाही. गोळ्या, फिजिओथेरपी, सहा-आठ आठवडे वाट पाहायची आणि पायातली ताकद कमी झाली तर ऑपरेशन, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. कमरेतली नस दबून पायात कळ जाण्याच्या या त्रासाचे, म्हणजे सायटिकाचे, बहुतेक रुग्ण असेच, ऑपरेशनविना बरे होतात. गादीचा बाहेर आलेला भाग शरीर पुष्कळदा स्वतःच जिरवतं. असे आपोआप बरे झालेले लोकच मग ‘नस मोकळी करून देतो’ म्हणणाऱ्या सेंटरांच्या जाहिरातीच्या व्हिडिओत दिसतात.

ऑपरेशनच्या नावानेच दादा धास्तावला होता. अशात कुणीतरी मोबाइलवर नाशिकच्या एका कायरोप्रॅक्टिक (हाताने मणके दाबून, झटका देऊन उपचार करण्याची पद्धत) सेंटरचा व्हिडिओ पाठवला. पांढरा कोट, भिंतीवर चौकटीतली प्रमाणपत्रं, नावाआधी ‘डॉ.’. पहिल्याच भेटीत पंचेचाळीस हजारांचं पॅकेज गळ्यात मारलं, ‘आजच भरले तर सवलत’ म्हणून. पाठ कडकड वाजली की ‘बघा, गादी जागेवर बसली’. तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार होताना येतो. गादी जागेवर बसण्याशी त्याचा काही संबंध नाही, हे आम्हाला नंतर सर्जननी समजावलं.

पैशांपेक्षा मला संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. गोळ्या आणि फिजिओथेरपी सेंटरवाल्यांनी बंद करायला लावली. काही दिवसांनी कळ कमी झाली, पण पाऊल बधिर पडलं. दादाने ते सांगितल्यावर उत्तर मिळालं, ‘नस मोकळी होतेय, चांगलं लक्षण आहे.’ दादा विश्वासाने सांगत होता आणि त्याला खोटा धीर दिला जात होता! चालताना त्याच्या पायातली चप्पल निसटायला लागली, पाऊल वर उचलेना. वहिनीने ते पाहिलं आणि त्याला सरळ हॉस्पिटलमध्ये नेलं. ऑपरेशन झालं, ठणका गेला. पाऊल मात्र अजून पूर्ण उचलत नाही, बागेतल्या ढेकळांत अडखळतं.

अमेरिकेत, जिथे 1895 साली ही पद्धत सुरू झाली, कायरोप्रॅक्टरला अनेक वर्षांचं शिक्षण आणि राज्याचा परवाना लागतो. आपल्याकडे त्यांच्यासाठी स्वतंत्र वैधानिक (कायद्याने स्थापलेली) परिषदच नाही. म्हणून ‘डॉ.’ दिसलं की नोंदणी क्रमांक मागा. एमबीबीएस असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नाव तपासता येतं, फिजिओथेरपिस्टचीही राज्यात वेगळी परिषद आहे. आमच्या पावतीवर फक्त ‘वेलनेस पॅकेज’ लिहिलं होतं, उपचाराचा उल्लेखही नाही. पैसे मागितले तेव्हा ‘परतावा नाही’ या ओळीखालची दादाची सही पुढे केली. आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. तुमच्या बाबतीत असं घडलं असेल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर विचारा. आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. पावत्या, मेसेज, व्हिडिओ काहीही पुसू नका.

आणि घरात कुणाला सायटिका असेल, तर पाऊल उचलेनासं झाल्यावर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लघवी अडली, नकळत व्हायला लागली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर रात्र असली तरी थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या. तिथे काही तासांचा उशीरही महागात पडू शकतो.