दहावीला शिकवणी की चॅटबॉट?

थोरलीची दहावी गेल्या वर्षी झाली. संध्याकाळी सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका बाईंची शिकवणी आणि रात्री मोबाईलवर चॅटबॉट, असा तिचा दुहेरी कारभार होता. आता धाकटा दहावीत जातोय आणि दोन्हींतलं एकच ठेवायचं असं घरात ठरलंय. ज्यांच्या घरी हाच घोळ चालू असेल त्यांच्यासाठी लिहितोय. अनुभव आमचा, तुमचा वेगळा असू शकेल.

बीजगणितात चॅटबॉट उजवा, हे आधीच कबूल करतो. वर्गसमीकरण अडलं की रात्री अकरालाही पायरीपायरीने सांगतो, चौथ्यांदा विचारलं तरी वैतागत नाही. बाई दुसऱ्यांदाच चष्म्यावरून बघतात. भूमितीला मात्र कंपास हातात धरायला लावणारं माणूसच लागतं. भूगोलात भारत-ब्राझीलचं कोष्टक तो झटक्यात मांडतो. इंग्रजी पत्रं त्यानेच लिहून दिली, तर त्यातल्या दोन शब्दांचा अर्थ लेकीला सांगता येईना.

पण माझं मन फिरलं ते इतिहासावरून. लेकीने विचारलं, 1942 च्या चळवळीतलं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार कुठल्या जिल्ह्यात? उत्तर आलं, सातारा. शेजारी बसलेले आमचे वडील उसळले, "कुंडल काय साताऱ्यात हाय व्हय?" प्रतिसरकारचं केंद्र असलेलं कुंडल आज सांगली जिल्ह्यात आहे. तिने तसं टाईप केलं. लगेच उत्तर: माफ करा, तुमचं बरोबर आहे, सांगली जिल्ह्यात. मग तिने मुद्दाम कोल्हापूर म्हणून बघितलं. पुन्हा माफी, आणि कोल्हापूरसुद्धा मान्य!

दुसऱ्या दिवशी बाईंना तोच प्रश्न. त्या म्हणाल्या, "1942 साली सांगली जिल्हा होता कुठं? प्रतिसरकार सातारा जिल्ह्याचंच. 1949 ला दक्षिण सातारा वेगळा काढला, 1960 ला त्याचं नाव सांगली झालं. आजोबांना सांग, कुंडल आपलंच, पण तेव्हा औंध संस्थानात." पहिलं उत्तर बरोबरच होतं की! ते धरून ठेवायचं सोडून गड्याने मान डोलावली. पोरगं चुकीचं बोललं तरी "बरोबर" म्हणणारा मास्तर मला परवडत नाही, फुकट असला तरी.

नवी चॅटबॉटं सुधारली असतील, नाही म्हणत नाही. धाकट्याचं नाव तरी बाईंकडे घातलंय. मोबाईल रात्री अर्धा तास, तोही बीजगणितापुरता.