गावाची जुनी पोस्टकार्डं: छापील घ्यावीत की फोटोची?

आपल्या गावाची जुनी पोस्टकार्डं जमवायची असं ठरवलं की पहिल्याच खरेदीला माणूस अडतो. एकाच पुलाची दोन कार्डं समोर असतात. एक रंगीत, छापखान्यातलं, खाली ठसठशीत नाव. दुसरं करडं, बिननावाचं, पण खऱ्या फोटोकागदावर उमटवलेलं, आणि किंमत पहिल्याच्या कितीतरी पट.

आधी दोन्ही ओळखायची कशी ते पाहू. दहापट मोठं दाखवणारं भिंग कार्डावरच्या आकाशावर धरा. नेहमीच्या छपाईत ठिपक्यांची आखीव जाळी दिसते. कोलोटाइप नावाच्या जुन्या छपाईत जाळी नसते, नुसते वेडेवाकडे बारीक कण असतात. नवखा याला फोटो समजून फसतो तो इथे. फोटोत मात्र ठिपका नाही की कण नाही, एक छटा दुसरीत विरत जाते. जुनं फोटोकार्ड तिरपं धरलं तर गडद भागावर बऱ्याचदा आरशासारखी झाक येते. ती चांदी आहे, वर्षानुवर्षांत कागदाच्या पृष्ठभागावर आलेली. विक्रेते हा दोष म्हणून सांगतात. मला तर ती झाक दिसली की हायसं वाटतं, कारण आजच्या प्रिंटरवर काढलेल्या नकलेत ती नसते.

छापील कार्डाची बाजू भक्कम आहे. ती हजारोंनी निघाली, त्यामुळे सापडतात आणि परवडतात. जागेचं नाव असतं, बऱ्याचदा प्रकाशकाचा अनुक्रमांकही असतो, आणि मधला एखादा आकडा आपल्याकडे नाही म्हटल्यावर झोप उडते. पण ही कार्डं बिनदिक्कत खोटं बोलतात. मूळ फोटो कृष्णधवल. रंग भरणाऱ्या कारागिराने ते गाव पाहिलेलंही नसायचं. त्यामुळे कार्डावर दार हिरवं आहे म्हणून ते हिरवं होतं असं धरून चालू नका. खांबांवरच्या तारा पुसल्या जात, ढग चिकटवले जात, रिकाम्या रस्त्यावर मोटार आणून उभी केली जात असे. माझ्याकडे एका चौकाचं 'रात्रीचं' कार्ड आहे: निळंशार आकाश, वर चंद्र, खिडक्या पिवळ्या, आणि खाली फरसबंदीवर भर दुपारच्या उन्हाच्या काळ्या कुळकुळीत सावल्या!

फोटोकार्डाचा जन्मच वेगळा. १९०३ साली कोडॅकने पोस्टकार्डाच्या मापाची फिल्म घेणारा घडीचा कॅमेरा काढला आणि निगेटिव्ह थेट कार्डावर उतरवणं सोपं झालं. मग गावचा फोटोग्राफरच काय, हौशी माणूसही पोस्टकार्डं करू लागला. छापखान्याला न परवडणारे विषय इथे भेटतात: पुराचं पाणी शिरलेली गल्ली, दारात उभा दुकानदार, आगीनंतरच्या भिंती. प्रती मोजक्या, कधी एकच. मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन केलं की मागच्या दुकानाची पाटी वाचता येते. छापील कार्डात तिथे नुसते ठिपके मोठे होतात.

अडचण एकच, नाव नसतं. आणि गावच्या माणसाचा फायदा नेमका तिथेच आहे. विक्रेत्याच्या खोक्यात ते 'अनोळखी रस्ता' म्हणून पडलेलं असतं. कोपऱ्यावरची तिरकी भिंत, चढाचा तो विशिष्ट बाक, पायऱ्यांची संख्या हे जन्म तिथे काढलेल्यालाच कळतं. नाव लिहिलेल्या कार्डासाठी तुम्ही इतर संग्राहकांशी चढाओढ करता, बिननावाच्या कार्डासाठी सहसा कुणीच समोर नसतं.

माझं मत विचाराल तर पहिली दहा-पंधरा कार्डं छापील घ्या, नजर तयार होऊ द्या. त्यानंतरचा पैसा फोटोकार्डांत घाला, आणि निवड करायची वेळ आली तर माणसं असलेलं कार्ड उचला. नुसत्या इमारतींचा कंटाळा येतो.

कोरं की लिहिलेलं, हा वाद मला फारसा पटत नाही. कोरं दिसायला छान, पण शिक्का असलेलं कार्ड निदान 'या तारखेच्या आधीचं' एवढं तरी सांगतं. तेवढंच सांगतं, कारण जुना साठा वर्षानुवर्षं विकला जायचा. पाठीमागे पत्ता आणि मजकूर यांच्यामध्ये रेघ आहे का तेही पाहा. ब्रिटनमध्ये ही सोय १९०२ला आली, अमेरिकेत १९०७ला. त्याआधी मागची बाजू फक्त पत्त्याची, म्हणून माणसं चित्राच्या कडेनं, कधी आकाशातच, दोन ओळी खरडायची. तिकीट मात्र सोडवून काढू नका, शिक्क्याचा अर्धा भाग त्याच्याबरोबर जातो. ठेवायला पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या. आणि स्कॅन करताना पाठही करा.