पन्हाळ्याच्या छायाचित्रांसाठी: गूगल फोटोज की फ्लिकर?
कोल्हापुरातील हौशी दुर्गप्रेमींनी पन्हाळ्याच्या छायाचित्रांचे संकेतस्थळ उभारायचे ठरवले, तर गूगल फोटोजचे नाव प्रथम सुचते, कारण ते बहुतेकांच्या मोबाइलमध्ये असतेच. परंतु त्याच्या लायब्ररी एपीआयमधून (म्हणजे दुसऱ्या अ‍ॅपला वा संकेतस्थळाला त्यातली छायाचित्रे मागवू देणाऱ्या जोडणीतून) मिळणारा छायाचित्राचा दुवा 60 मिनिटांत निकामी होतो, आणि 31 मार्च 2025 नंतर आपल्या अ‍ॅपने स्वतः चढवलेल्या छायाचित्रांपलीकडचा संग्रह लायब्ररी एपीआयला वाचताच येत नाही. संकेतस्थळासाठी हा पहिलाच दोष मला पुरेसा वाटतो. 2004 पासून चालत आलेल्या फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर दुवे टिकाऊ असतात, एकाच छायाचित्राचे लहानमोठे आकार आपोआप तयार होतात आणि टॅग नीट दिले असतील, तर गडावरील तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जाकोठी असे वेगवेगळे शोधता येते. मोफत खात्यावर 1,000 छायाचित्रांची मर्यादा आहे. पावसाळ्यातला पन्हाळा टिपणाऱ्यांना ती लवकरच अपुरी पडेल.