झोटेरो, मेंडली की झोटेरोबिब: एकट्या ग्रंथपालाने काय निवडावं?

छोट्या महाविद्यालयात देवघेवीपासून प्रशिक्षणापर्यंत सगळं एकाच ग्रंथपालाच्या गळ्यात असतं. अशा ठिकाणी संदर्भसूचीचं साधन, म्हणजे संदर्भ साठवून ते लिखाणात घालून देणारं सॉफ्टवेअर, निवडताना वैशिष्ट्यांचे तक्ते फारसे कामाला येत नाहीत. बघायचं ते एवढंच, की काय शिकवलं तर विद्यार्थी तीच शंका घेऊन पुन्हा पुन्हा काउंटरवर येणार नाहीत.

माझा कौल झोटेरोला. २००६ पासूनचं हे मुक्तस्रोत साधन वर्ड, लिब्रेऑफिस आणि गूगल डॉक्स तिन्हींत चालतं. मेंडलीचं संदर्भ घालायचं जोडसाधन ‘मेंडली साइट’ (Mendeley Cite) फक्त वर्डमध्ये. मेंडली २०१३ पासून एल्सेव्हिअर या प्रकाशन कंपनीकडे आहे. २०२१ मध्ये त्याचं मोबाइल ॲप बंद झालं, २०२२ मध्ये जुन्या डेस्कटॉप आवृत्तीचं डाउनलोड थांबलं. कंपनीची कारणं असतील, पण अशा वेळी माहितीपत्रकं नव्याने करत बसतो तो ग्रंथपाल.

जागेत मात्र मेंडली उदार आहे: २ जीबी मोफत, तर झोटेरोत ३०० एमबी. ही मर्यादा फाइलींना आहे, नुसत्या नोंदी कितीही ठेवा. झोटेरोत अनेकांनी मिळून वापरायचा ‘गट’ काढता येतो; त्यातल्या फाइली गटमालकाच्या कोट्यातून जातात, हे आधीच लक्षात घ्या. ग्रंथालयाच्या खात्यावरून गट काढणार असाल, तर त्यात फाइल साठवण बंद ठेवलेली बरी. नाहीतर कुणीतरी उत्साहाने पीडीएफ ओतत राहतं आणि जागा संपते आपली.

झोटेरोचा आणखी एक फायदा थेट आपल्या कामाचा. जादूच्या कांडीच्या बटणावर क्लिक करून नव्या पुस्तकांचे आयएसबीएन टाकले की नोंदी तयार होतात. त्या सार्वजनिक गटात ठेवल्या, की खातं नसलेल्या वाचकालाही ब्राउझरमध्ये दिसतात.

आपोआप आलेली नोंद तपासावी लागतेच, साधन कुठलंही असो. लेखक म्हणून संस्था असेल आणि तिचं नाव व्यक्तीसारखं तुटलं, तर सूचीत ‘ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.’ नावाचे गृहस्थ अवतरतात. झोटेरोत नावाशेजारच्या छोट्या बटणाने दोन रकाने एक करता येतात. हे पहिल्याच तासाला दाखवा.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मात्र झोटेरोबिब द्या, म्हणजे झोटेरोचंच ब्राउझरमध्ये चालणारं छोटं भावंड. खातं नको, इन्स्टॉल करणं नको. काहीही टाकायची परवानगी नसलेल्या लॅबच्या संगणकावरही चालतं. निबंधाच्या दहा-पंधरा संदर्भांना पुरेसं आहे. फक्त यादी त्या ब्राउझरमध्येच राहते, म्हणून उठण्यापूर्वी ती कॉपी करायला किंवा तिची लिंक घ्यायला सांगा.

मेंडलीत अर्धा प्रबंध लिहून झालेल्या संशोधकाला हलवायला जाऊ नका. झोटेरोत संदर्भ आयात करता येतात, पण वर्डच्या मजकुरात आधीच पेरलेले संदर्भ पुन्हा जुळवत बसणं हे ऐन प्रबंध सादर करायच्या वेळेचं काम नव्हे.