विक्शनरीतील ‘च्ये’ : उच्चारांत समृद्ध, वाक्यरचनेत तोकडी नोंद

मराठीत ‘उसने’ म्हटले की केवळ व्यवहार कळतो. कोणी दिले आणि कोणी घेतले, हे पुढचे क्रियापद सांगते. चिनीमध्ये मात्र ‘च्ये’ हे एकच क्रियापद दोन्ही अर्थांनी येते, आणि म्हणूनच इंग्रजी विक्शनरी हा मोफत शब्दकोश पारखण्यासाठी मी ते ज्या एका अक्षराने लिहितात त्या 借 या अक्षराची नोंद निवडली.

अक्षर १० रेघांचे आहे. डावीकडे ‘माणूस’ हे अर्थ सुचवणारे अंग असून, उजवीकडचे अंग एरवी ‘पूर्वी’ या अर्थाचे असले तरी येथे केवळ उच्चारासाठी आले आहे.

नोंदीचा खरा ऐवज म्हणजे उच्चार. रोमन लिपीतील ‘jiè’मधला ‘j’ पाहून आपण ‘ज्ये’ म्हणू लागतो, पण मँडरिनमधला, म्हणजे प्रमाण चिनीतला, हा ध्वनी अघोष (कंठातल्या कंपाविना) आहे. आपल्या ‘चहा’तल्या ‘च’च्या जवळचा, आणि सूर (टोन) वरून खाली झपकन उतरणारा. कँटनीज या दक्षिणेकडच्या चिनी बोलीत तेच अक्षर सम सुरात ‘चे’ असे उच्चारले जाते, मात्र तेथील ‘च’ आपल्या ‘चाका’तला. हे दोन्ही ‘च’ मराठी माणसाला उपजतच साधतात, ही त्यातली गंमत. मध्ययुगीन चिनीत या अक्षराचे दोन उच्चार होते आणि त्यांपैकी एकाच्या शेवटी ‘क’ होता. तो मँडरिनमधून गेला, पण जपानी ‘शाकु’मध्ये अजून ऐकू येतो. कोरियन ‘छा’ आणि व्हिएतनामी ‘ता’ यांत मात्र तो नाही. असा प्रवास एकाच पानावर पाहायला मिळणे हे माझ्या मते या नोंदीचे सर्वांत मोठे बलस्थान आहे.

अर्थांच्या बाबतीत मात्र नवशिक्याची अडचण होते, कारण ‘उसने घेणे’ आणि ‘उसने देणे’ हे दोन्ही अर्थ वाचूनही वाक्यात त्यांतला कोणता घ्यावा, हे तेवढ्यावरून उमगत नाही. ‘वो च्ये था यी पन शू’ या वाक्याचा अर्थ ‘मी त्याला एक पुस्तक उसने दिले’ असाही होतो आणि ‘त्याच्याकडून घेतले’ असाही. क्रियापदानंतर ‘केइ’ जोडले की देणे ठरते. व्यक्तीच्या आधी ‘कन’ आले की घेणे. जपानीत हा गोंधळच नाही, कारण तेथे हे अक्षर ‘कारिरु’ म्हणजे घेण्यापुरतेच वापरतात आणि देण्यासाठी ‘कासु’चे वेगळे अक्षर आहे.

तेच दुसरे अक्षर चिनीत ‘ताइ’ असे वाचले जाते. चिनी खातेवहीत ‘च्ये’ ही नावे बाजू असते आणि ‘ताइ’ ही जमा, त्यामुळे ‘च्ये’ची नोंद वाचणाऱ्याने ‘ताइ’चे पानही लगोलग उघडावे.