खाचांची सराववही: हाताला वळण लागते, अक्षराला किती?

लहान मुलांच्या अक्षरसरावासाठी मिळणाऱ्या खाचांच्या वह्यांचा एक संच गेले काही महिने आमच्या घरी वापरात आहे. जाड, गुळगुळीत पानावर प्रत्येक अक्षराची खोलगट खाच असते, मूल त्या खाचेतून पेन फिरवते आणि काही वेळाने शाई आपोआप दिसेनाशी होत असल्यामुळे तेच पान पुन्हा गिरवता येते. थोडक्यात, हा जुना कित्ताच आहे. फक्त तो संपत नाही. संचात मुळाक्षरे, अंक, इंग्रजी अक्षरे आणि आकार अशा वह्या, एक पेन, जादा रिफिली आणि बोटांसाठी रबरी पकड होती.

चार-पाच वर्षांच्या मुलांना या वहीचा खरोखर उपयोग होतो. माझ्या मुलीला ‘अ’ काढताना वरचा अर्धगोल संपवून खालचा कुठून सुरू करायचा हे उमगत नसे आणि दोन्ही मिळून इंग्रजी तीनच्या आकड्यासारखे काहीतरी आडवे पसरत असे. खाचेतून पेन फिरवताना मध्यावर हात किंचित आत येऊन पुन्हा बाहेर वळतो, ही गोष्ट तोंडी सांगण्यापेक्षा तिच्या बोटांना लवकर कळली. शिवाय चुकलेले खोडायचे नसल्याने रडारड होत नाही, हा फायदा पालकांसाठी मुलांइतकाच मोठा आहे.

मात्र खाच नसलेल्या कागदावर तेच अक्षर काढायला सांगितले की यातली मर्यादा लक्षात येते. वळायचे कुठे आणि थांबायचे कुठे हे खाच ठरवते, मूल नव्हे. कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. स्वतःच्या हाताने मोकळेपणी काढलेले अक्षर पुढे पाहताना मुलांच्या मेंदूतील वाचनाशी संबंधित भाग जसे सक्रिय झाले, तसे गिरवलेल्या किंवा कळफलकावर टंकलेल्या अक्षरांच्या बाबतीत झाले नाहीत. त्यामुळे आम्ही आता एखादे अक्षर खाचेत दोन-तीनदा फिरवून लगेच वही मिटवतो आणि तेच अक्षर दुरेघी वहीत न पाहता काढायला सांगतो. ते वेडेवाकडे येते, पण तिचे स्वतःचे असते.

मांडणीबद्दल माझी तक्रार अधिक आहे. अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने दिल्यामुळे पहिल्याच पानांवर ‘अ’, ‘इ’, ‘ई’ अशी वळणांनी भरलेली अक्षरे येतात. ग, म, भ, न अशी मिळत्याजुळत्या रेषांची अक्षरे आधी घेण्याची मराठीतील रूढ पद्धत कितीतरी शहाणपणाची आहे. मराठीत पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ शिकवला जातो, पण या वहीत दोन्हींची हिंदी वळणे छापली आहेत, म्हणजे एकदा बोटांत बसलेले अक्षर शाळेत पुन्हा मोडावे लागणार. काही अक्षरांत बाण शिरोरेघेपासून सुरू होतात. आधी अक्षर आणि शेवटी शिरोरेघ हा क्रम लागला तर पुढे शब्द लिहिताना एकच सलग रेघ ओढता येते. काना-मात्रा आणि जोडाक्षरे तर वहीत नाहीतच.

पेनाची रबरी पकड उजव्या हाताच्या मापाने घडवलेली आहे, त्यामुळे डावखुऱ्या मुलांना ती निरुपयोगी ठरते. तशीही मी ती काढून ठेवली. पेन्सिलीचा आखूड तुकडा दिला तर मुठीत धरायला जागाच उरत नाही आणि अंगठा, तर्जनी व मधले बोट आपसूक आपापल्या जागी येतात. वही डावखुऱ्यांसाठी उजवीकडे आणि उजव्या हाताने लिहिणाऱ्यांसाठी डावीकडे किंचित तिरकी ठेवावी, ही साधी सूचनाही संचात कुठे नाही. शाई मात्र सांगितल्याप्रमाणे पुसट होते. टोपण उघडे राहिले तर रिफिल वाळते.

नुकतेच लिहू लागलेल्या मुलासाठी, आणि शेजारी बसायला कोणी असेल तर, हा संच जरूर घ्यावा. सात-आठ वर्षांच्या, गिचमिड लिहिणाऱ्या मुलासाठी मात्र तो घेऊ नये, कारण त्याची अडचण बहुधा अक्षराच्या आकाराची नसून दोन शब्दांतील अंतराची, रेघेवर अक्षर बसवण्याची आणि लिहिण्याच्या घाईची असते, आणि त्यासाठी या वह्यांत एकही पान नाही.